कायद्याच्या प्रवेशपरीक्षेस बसणाऱ्यांसाठी

राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या 'क्लॅट' परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. पाठांतराचा उपयोग थोडा. उतारा वाचून त्याखालील प्रश्न सोडवावयाचे. चुकीच्या उत्तरास पाव गुण कापतात, सोडलेल्यास काही नाही. वर्गात 'एकही प्रश्न सोडू नका' असे आम्हीच वर्षानुवर्षे बजावीत आलो. तीच सवय येथे नडते. अवघड उताऱ्यावर मूल अडते, घड्याळाकडे पाहते, हात गार पडतात आणि पुढचे सोपे प्रश्नही हुकतात. म्हणून घरी घड्याळ लावून बसावे आणि उतारा सोडून पुढे जाण्याचाही सराव करावा. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठी शाळेतील मुलांनी रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचावा. पालकांनी मात्र सरावाचे गुण भरल्या ताटावर विचारू नयेत.