जिव्या सोमा म्हसे यांनी काढलेला मुलूख

नांदेड-लातूरकडच्या शाळांच्या भिंतींवर वारली चित्रं आता सर्रास दिसतात. गेरूचा पट्टा, त्यावर पांढरी त्रिकोणी माणसं, मधोमध तारपा हे फुंकवाद्य आणि त्याभोवती नाचाचा फेर. भिंत साजरी दिसते, पण चित्रातला मुलूख हरवतो. वारली चित्र एका भूमीचं आहे. सह्याद्रीच्या उतारांपासून अरबी समुद्रापर्यंत पसरलेला डहाणू-तलासरीचा तो पट्टा. ही भूमी जगाला ज्यांनी दाखवली, ते चित्रकार म्हणजे जिव्या सोमा म्हसे.

जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणीच आई गेली आणि पोराचं बोलणंच थांबलं. काही वर्षं तो धुळीत रेघा ओढूनच आपलं म्हणणं सांगायचा. पुढे डहाणूजवळचं गंजाड हे त्यांचं कायमचं गाव झालं.

वारल्यांमध्ये चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी भित्तिचित्र, लिहिण्याचा मान सुवासिनींचा. लग्नघरी, कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर त्या तांदळाच्या पिठानं पालघट देवीचा चौक लिहितात. लग्नकार्य नसताना पुरुषानं रोज चित्र काढावं, अशी रीत नव्हती. म्हसे यांनी ती पाडली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांनी कागद-रंग पुरवले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देणारे कुलकर्णी ते हेच. एका माणसाच्या नजरेनं वारली आणि मधुबनी या दोन कला भिंतीवरून कागदावर आल्या, आणि महाराष्ट्रात कुलकर्णींचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

म्हसे यांच्या चित्रात क्षितिज नसतं. भाताचं खाचर वरून पाहिल्यासारखं, झाड समोरून पाहिल्यासारखं, आणि दोन्ही एकाच पटावर बिनबोभाट नांदतात. हवा, पाऊस, मुंग्यांची रांग, सगळं बांबूच्या काडीनं टेकवलेल्या ठिपक्यांत आणि बारीक रेघांत. त्यांची जाळ्याची चित्रं तर विलक्षण आहेत. मासे धरायचं जाळं जवळजवळ सगळा पट व्यापतं आणि माणसं चिमुकली होऊन जातात. पाण्यापुढे माणूस केवढा, हे सांगायला त्यांना निळा रंग लागला नाही. शेण सारवलेलं कापड आणि पांढरा रंग पुरला. माझ्या मते भारतीय निसर्गचित्रांच्या इतिहासात या चित्रांना लोककलेच्या दालनाबाहेरची, स्वतंत्र जागा हवी.

बाहेरच्या जगानं ते ओळखलं. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रानं जगभरच्या समकालीन कलावंतांचं जे गाजलेलं प्रदर्शन भरवलं, त्यात म्हसे होते. २००३मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांची चित्रं लागली. रानावनातून पायी चालणं हीच लाँग यांची कला, त्यामुळे ही जोडी नेमकी जमली. २०११मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

त्यांनी रंगवलेल्या भूमीपुढे आज मोठा प्रश्न उभा आहे. पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१मध्ये डहाणू तालुक्याला संरक्षण मिळालं. त्याच किनाऱ्यावर ७६,००० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचं वाढवण बंदर येतं आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. मच्छीमार आणि आदिवासी संघटनांनी त्याला सातत्यानं विरोध केला आहे. चित्रातलं जाळं उद्या कुठल्या पाण्यात पडणार, हा त्यांचा रोजच्या पोटाचा सवाल आहे.

चित्र असं भूमीशी बांधलेलं असतं, म्हणूनच आपल्याकडच्या गुरुजी-बाईंना एक विनंती. वारली चित्र जरूर काढा, पण खाली जिव्या सोमा म्हसे आणि डहाणू ही नावं लिहा. शेजारची भिंत मात्र मुलांना मोकळी द्या. किनवट-माहूरकडे गोंड, कोलाम, आंध पोरं वर्गात बसतात. त्यांच्याकडे पैनगंगा आहे, सागवानाचं रान आहे, मोहाची झाडं आहेत, दिवाळीतला दंडार नाच आहे. लातूरच्या पोरांकडे मांजरा आहे, काळी जमीन आहे. ते त्यांना त्यांच्या रेघेत काढू द्या.