चोवीस आरे आणि एक दोरी

14 एप्रिल जवळ आला की नांदेड-लातूरकडच्या वस्त्यांतून भिंतींना चुना लागतो व त्यावर निळे अशोकचक्र उमटते. छापील फलकांची गर्दी वाढली, तरी हाताने काढलेली चक्रे अजून दिसतात. त्यांतली काही पाहताच डोळा स्थिरावतो. काही एका अंगाला कलंडल्यासारखी वाटतात. हा दोष रंगाचा नसतो, रेषेचा असतो.

आरे 24, म्हणजे दोन आऱ्यांत 15 अंश. 24 ही सम संख्या, म्हणून प्रत्येक आऱ्यासमोर दुसरा आरा येतो. तिला 4 ने भागही जातो, म्हणून एक जोडी उभी व एक आडवी बसते. 18 आरे काढून पाहा: उभी रेषा मिळेल, आडवी मिळणार नाही.

मी पाहिलेले पेंटर कोनमापक वापरत नाहीत. खिळा, दोरी, खडू, बस्स. दोरी फिरवून वर्तुळ काढायचे. मग ओळंब्याने माथ्याचा बिंदू धरून तेवढीच दोरी परिघावर टप्प्याटप्प्याने ठेवत जायचे. सहाव्या टप्प्याला आपण पुन्हा माथ्यावर येतो. प्रत्येक भाग दुभागला की 12, पुन्हा दुभागला की 24. कागद नुसता दुमडत जाणाऱ्याला 8 मिळतील, 16 मिळतील. 24 मिळणार नाहीत.

दोरीची ही भूमिती जुनी आहे. यज्ञवेदींची मापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांच्या नावातला ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच. परंतु जे पिढ्यान्‌पिढ्या वाखाचे दोर वळत आले, त्यांना त्या विद्येची बंदी होती. माझे आजोबा दोर वळत. घरातला पहिला पदवीधर मी, आणि शिकवतो गणित. सारनाथच्या स्तंभशीर्षावरचे चक्र 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजावर स्वीकारले. ध्वज ठरविणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. त्या चक्राची भूमिती मात्र आपल्या सभांतून कोणी समजावून सांगत नाही, याचे मला नवल वाटते.

‘लातूर पॅटर्न’मधून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना प्रमेये तोंडपाठ असतात, भिंतीवर चक्र काढा म्हटले की ते मोबाइलमध्ये चित्र शोधतात. म्हणून मागल्या वर्षी वस्तीतल्या एका पेंटरला वर्गात बोलावले. एका मुलीने विचारले, “काका, सहाच टप्पे का?”

“येतेतच की. पाच कदी आले न्हाईत.”

तिने खडू घेतला, मध्यापासून दोन टप्प्यांपर्यंत रेषा ओढल्या. तिन्ही बाजू एकाच दोरीच्या. त्रिकोण समभुज, कोन 60 अंशांचा. असे सहा बसले की 360. पेंटर बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “हे मला लिहून द्या, बाई.”