पाहुण्यांचा हिवाळा

खान्देशात ऊब शोधायला कोण जाईल? मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकला की इथली माणसेच बाहेरगावच्या नातेवाइकांची आठवण काढू लागतात. आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचे नाव राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांच्या बातमीत असते. तरीही पाहुणे येतात. तापीवरील हतनूर धरणाच्या पाण्यावर दर हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब आणि नाना जातींची बदके उतरतात. कोणी लडाख-तिबेटकडून, कोणी मध्य आशियातून. तिकडची तळी गोठतात. ज्या थंडीत आम्ही दोन-दोन गोधड्या घेतो, ती त्यांच्यासाठी उबदार मुक्काम असते.

आमचाही मुक्काम याच दिवसांत असतो. मुलांना नाताळची सुटी लागली की आम्ही पुण्याहून रावेर तालुक्यातल्या घरी, अम्मींकडे जातो. यंदा जाण्यात थोडी काळजीही होती. गेल्या रमजानमध्ये अम्मींचे ऑपरेशन झाले आणि संपूर्ण महिन्याचे ३० रोजे राहिले. डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती, पण वय सत्तरीच्या पुढचे. आम्ही फिदियाचा विषय काढला तेव्हा अम्मींनी सरळ सांगितले, "फिदिया ज्याला बरं व्हायची आशा नाही त्याचा. मी बरी झाले, अल्हम्दुलिल्लाह. माझं कर्ज मीच फेडणार." आजारी माणसाने राहिलेले रोजे इतर दिवसांत पूर्ण करावेत, हा सूरह बकरातील आदेश त्यांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

त्यांनी हिवाळा निवडला यात शहाणपण होते. जूनच्या मानाने डिसेंबरचा रोजा दोन तासांहून अधिक लहान. तहानेचा त्रास नाही. हदीसमध्ये हिवाळ्यातील रोज्याला विनाकष्ट हाती आलेली गनीमत म्हटले आहे. विनाकष्ट म्हटले तरी पहाटेचे उठणे आहेच! चुलीवर पाण्याचा हंडा आधीच चढलेला असे. वुजूसाठी पाणी गरम करण्यात काही गैर नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागले. थंड पाण्यातच अधिक सवाब, अशी धाकट्याची समजूत झाली होती. थंडीतही वुजू नीट, पूर्ण करावा याची मोठी फजीलत आहे, पण मुद्दाम अंगाला त्रास करून घेणे म्हणजे दीनदारी नव्हे. अम्मी तर चामडी मोजे घालतात आणि त्यांवर मसह करतात. घरी असलेल्याला एक दिवस-रात्र ही सवलत आहे, मुसाफिराला तीन. अल्लाहने दिलेली सूट नाकारण्यात कसला मोठेपणा, असे त्या म्हणतात.

इफ्तारीला खजूर, शेंगदाणे आणि घरची केळी. मगरिबनंतर भरीत. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत लसूण-मिरचीबरोबर ठेचलेली, वर कांद्याची पात आणि सोबत कळण्याची भाकरी. पुण्यात आम्ही गॅसवर वांगी भाजतो. त्याला भरीत म्हणणे अम्मींना मान्य नाही.

शेजारच्या बागायतदाराची हिवाळ्याची गोष्ट मात्र वेगळी. पारा दहाच्या खाली गेला की केळीवर चरका येतो, पाने पिवळी पडतात, घडांची वाढ खुंटते. म्हणून रात्री बागेला पाणी सोडायचे, बांधावर ओला-सुका पालापाचोळा पेटवून धूर करायचा. एका रात्री आम्हीही गेलो. त्यांनी धूर नीट बागेवर पसरतो आहे हे पाहिले, मोटार सुरू केली आणि तिथेच, बांधावर चादर टाकून दोन रकअत पढले. आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, ही प्रेषितांची (स.) शिकवण मुलांना पुस्तकात वाचून माहीत होती, त्या रात्री ती धुराच्या वासासकट समजली.

हतनूरलाही गेलो. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. त्याचा शेवटचा दिवस डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन, हे वाटेत सांगितले. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या मुस्लिम मुलाने पुढे साऱ्या देशाला पक्षी ओळखायला शिकवले. आपल्या किती घरांत त्यांचे नाव घेतले जाते, कोण जाणे. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो हे ऐकून थोरलीने विचारले, "त्यांना पडू कोण देत नाही?" सूरह मुल्कमध्ये पंख पसरलेल्या आणि मिटलेल्या पक्ष्यांकडे पाहायला सांगितले आहे, आणि त्यांना रहमानच सावरून धरतो असेही. तिला तेवढे पुरले. धाकट्याचे लक्ष मात्र सकाळपासून पाण्यात चोच बुडवत फिरणाऱ्या बदकांकडे होते. उपाशी निघून पोट भरून परतणाऱ्या पक्ष्यांची हदीस त्याला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "पण ती निघतात ना!"

परतायच्या दिवशी अम्मींचे १४ रोजे झाले होते. आता रोज मगरिबनंतर पुण्याहून फोन होतो आणि मुले सलामाआधी आकडा विचारतात. काल २३ झाले. पुढचा रमजान यायच्या आत सात बाकी आहेत, आणि थंडी अजून आहे.