शनवार तेल्यांची आळी

अलिबागच्या इस्रायल आळीचा विषय निघाला की बोलणे हमखास १९४८ वर येते. तिकडे इस्रायल झाला, इकडे घरांना कुलपे लागली, झाले. मला हे फार सोपे वाटते. तो देश जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ही आळी रिकामी होत होती. तिला पहिली ओढ लागली ती खाडीपलीकडच्या मुंबईची. जेरुसलेम पुढे आले.

या आळीतल्या बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, मूळकथा अलिबागजवळच्या नवगावची. तिथे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरले. कथेचा काळ कोणी काही सांगो, नवगावचे दफनस्थान आजही दाखवतात. वाचलेल्यांच्या वंशजांनी अलिबागच्या आसपासच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे धरले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. पुढे गावावरून आडनावे पडली: किहीमचे केहीमकर, पेझारीचे पेझारकर, रोह्याचे रोहेकर. खुद्द अलिबागचे नावही अली नावाच्या एका धनिक बेने इस्रायलीच्या बागांवरून पडले असे सांगतात. आंग्र्यांच्या आरमारातही ही माणसे होती. चुरीकर घराण्यातल्या एकाला नाईकी मिळाल्याची नोंद समाजाच्या इतिहासात आहे.

त्यांचे सण पाहावेत. हिब्रू नावे विसरली गेली होती, सण मात्र चुलीपाशी टिकले. नववर्ष म्हणजे नव्याचा सण, मग खिरीचा, बिरड्याचा, होळीचा. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो दार फळणीचा. धर्मग्रंथ हाताशी नसताना एखादा समाज कशाच्या आधाराने तग धरतो, हे समजायला ही यादी मला मोठ्या ग्रंथापेक्षा उपयोगी वाटते. ती आपल्यापर्यंत आली हाईम सॅम्युएल केहीमकरांमुळे. त्यांनी १८९७ पर्यंत समाजाचा इतिहास लिहून काढला. छापून निघायला १९३७ साल उजाडले, तेही तेल अवीवमध्ये. मात्र त्यांनी समाजासाठी शाळा काढली ती १८७५ मध्ये, आणि ती मुंबईत. अलिबागेत नव्हे. माणसे कुठे गेली होती, हे त्यावरून कळते.

मुंबईतले पहिले सिनेगॉग दिवेकर नावाच्या बेने इस्रायलीने १७९६ मध्ये बांधले. कंपनीच्या पलटणी, गोद्या, नंतर रेल्वे आणि कचेऱ्या यांत बेने इस्रायली भराभर शिरले. मिशनऱ्यांच्या शाळांनी त्यांना हिब्रूही शिकवली. जॉन विल्सन यांचे मराठीतले हिब्रू व्याकरण १८३२ चे. आंग्र्यांचे राज्य १८४० च्या सुमारास खालसा झाले आणि अलिबागेत चाकरीला धनीच उरला नाही. आळीतले सिनेगॉग, मागेन अबोथ, उभे राहिले १८४८ मध्ये, आणि १९१० मध्ये ते नव्याने बांधले गेले. म्हणजे मुंबईची वाट धरल्यानंतरच्या काळात आळीला तिची सर्वांत देखणी वास्तू मिळाली. कोकणातल्या देवळांचेही असेच नाही का? चाकरमान्यांचे पैसे आल्याशिवाय कळस चढत नाही.

त्या काळात उलट दिशेने, मुंबईहून अलिबागला, एकच मोठी गोष्ट आली: चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेतली उपकरणे बिघडण्याची भीती होती. १९०४ पासून अलिबागेत नोंदी सुरू झाल्या. मुंबईला अलिबाग हवे होते ते तिथे काही घडत नव्हते म्हणून.

मग १९४८. बीरशेबा, दिमोना, लोद, अशदोद अशा गावांत ही कुटुंबे पुढच्या वर्षांत पोचली. सगळे आनंदीआनंद नव्हता. वागणुकीला कंटाळून काहींनी परत पाठवा म्हणत ठिय्या दिला, आणि १९५२ मध्ये काही जण खरोखरच भारतात परतले. पुढे १९६२ मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाआधी यांच्या पूर्वजांची चौकशी करायला सांगितली. मोर्चे, धरणी झाली. प्रश्न संसदेत गेला आणि १९६४ मध्ये माघार घ्यावी लागली. हिब्रू विसरूनही शनिवार पाळलेल्या माणसांना तुम्ही यहुदी कशावरून, असे विचारणे मला आजही उर्मट वाटते. त्यांनी मात्र तिथे मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे त्रैमासिकही काढले.

आळीत उरली मोजकी घरे. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, तेवढे जमवणेच अवघड. तिकडून आलेले पाहुणे सिनेगॉग पाहतात, अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा म्हणून दाखवला जाणारा खडक पाहतात, पोहे-खोबऱ्याचा मलिदा करतात. राज्य सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आणि आता मुंबईच इकडे निघाली आहे. थळला खत कारखाना आला तेव्हा नोकरदार आले. मांडव्याच्या बोटींनी शनिवार-रविवारचे पाहुणे आणले. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, आणि पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद पडल्या तरी गाडीसकट येण्याची सोय झाली. जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. आता रेवस-करंजा पुलाची वाट पाहणे चालू आहे. जुन्या कौलारू घरांच्या जागी इमारती, खोल्या भाड्याने, खाली दुकाने, हे गावभर दिसते. आळीला वेगळे नशीब कुठून मिळणार? ज्या शनिवारी इथला घाणा थांबत असे, तोच आता अलिबागच्या धंद्याचा सर्वांत गर्दीचा दिवस झाला आहे. मासळीबाजारातले भावसुद्धा त्या दिवशी मुंबईकरांची गाडी पाहून ठरतात, अशी स्थानिकांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही.