चाळीस ग्रॅमचा जीव

पुठ्ठ्याच्या खोक्यात चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात पंचवीस पिल्लं. उबवणी केंद्रातून निघालेलं खोकं जीपमध्ये रात्रभर हिंदकळत येतं आणि सकाळी एखाद्या परसात उघडतं. एकेका पिल्लाचं वजन 35 ते 40 ग्रॅम. त्यानं अजून दाणा पाहिलेला नसतो, पाणी चाखलेलं नसतं. तरी ते चिवचिवत असतं.

त्याला तगवतो तो बलक. कोंबडीचं अंडं 21 दिवसांनी फुटतं. त्याच्या एक-दोन दिवस आधी उरलेला बलक बेंबीवाटे पिल्लाच्या पोटात ओढला जातो. खुडूक कोंबडीखाली सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. मागच्यांसाठी ती बसून राहते आणि आधी आलेली पिल्लं या शिदोरीवर दोन-तीन दिवस काढतात. एक दिवसाच्या पिल्लांचा सगळा व्यापार याच सवलतीवर उभा आहे. म्हणून दाणापाणी लांबवावं असं मात्र नाही. लवकर खाऊ लागलेल्या पिल्लाच्या पोटातला बलकही लवकर जिरतो. खोकं उघडल्यावर पिल्लाची चोच गूळपाण्यात हलकेच बुडवतात ती यासाठीच. एकदा चव कळली की पुढचं ते स्वतः पितं. पाण्याच्या पसरट भांड्यात गोटे टाकावेत, नाहीतर एवढ्याशा पाण्यातही पिल्लू भिजून गारठतं, बुडतंसुद्धा.

ज्या वाटेनं बलक आत गेला ती बेंबी नीट मिटली नाही, तर त्याच वाटेनं जंतू शिरतात. बहुतेक वेळा ई. कोलाय. बेंबी काळसर होते, सुजते, पोट फुगून लिबलिबीत लागतं. अशी पिल्लं बहुधा पहिल्याच आठवड्यात जातात, आणि औषधानं फारशी वाचत नाहीत. इथे खरा उपाय पिल्लू जन्मण्याआधीचा आहे: घाण लागलेली, तडकलेली अंडी उबवायला ठेवायचीच नाहीत.

पण पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त जपावं लागतं ते उबेला. पिवळी लव दिसते ऊबदार, मात्र साधारण पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. आई असती तर पंखाखाली घेतलं असतं. आई नसेल तर पालथ्या डालग्यात टांगलेला बल्ब ते काम करतो. तो जुन्या पद्धतीचा, तारेचाच हवा. एलईडीचा उजेड पडतो, ऊब जवळजवळ मिळत नाही, आणि वीज वाचवण्याच्या चांगल्या हेतूनं केलेला हा बदल पिल्लांच्या जिवावर बेततो. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, असा हिशेब ठेवतात. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजते आहे. कडेला सरकून चोच वासली तर उकडतं आहे. सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून वारा शिरतो आहे. सगळीकडे विखरून टिपत, पेंगत असली, तर माणसानंही झोपायला हरकत नाही.

प्रवासात गारठलेल्या किंवा फार तापलेल्या पिल्लाची शी मागे चिकटून वाळते आणि वाटच बंद होते. दिसायला क्षुल्लक, पण पोट तुंबून पिल्लू एक-दोन दिवसांत मरू शकतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून तो खडा मऊ करायचा, पुसायचा आणि पिल्लू पूर्ण कोरडं करून उबेत सोडायचं. ओढून काढलं तर कातडी सोलते. आणि बेंबीवरची खपली तिथून जवळच असते, तिला हात लावायचा नाही.

गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकलेलं पिल्लूही पहिल्या दिवसांत सावरता येतं. दोन्ही पाय खांद्याएवढ्या अंतरावर मऊ चिकटपट्टीनं जोडून ठेवले, खाली तूस किंवा खरबरीत गोणपाट अंथरलं, तर कोवळे सांधे काही दिवसांत जागेवर येतात. आठवडा गेला की ते कठीण होतं.

आईकडून पिल्लाला आणखी एक गोष्ट मिळते, ती डोळ्यांना दिसत नाही. फिनलंडमधल्या कोंबड्यांमध्ये 1971 साली साल्मोनेला या जंतूची मोठी साथ आली. एस्को नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज नवजात पिल्लांना दिला. 1973 साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं की अशी पिल्लं साल्मोनेलाला दाद देत नाहीत. कोंबडीमागे फिरत उकिरडा उकरणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात चांगले जंतू आधीच जागा धरतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लाचं आतडं रिकाम्या घरासारखं असतं, पहिला येईल तो मालक.

बलकातून आईची प्रतिद्रव्यंही येतात, पण दोन-तीन आठवड्यांत ती ओसरतात. पिल्लाची स्वतःची प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पेशी शेपटाखालच्या ‘बर्सा’ नावाच्या छोट्या पिशवीत तयार होतात. प्रतिद्रव्यं बनण्यात बर्साचा हात असतो हे 1956 साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि सहकाऱ्यांनी मांडलं, ते बर्सा काढलेल्या कोंबड्यांत प्रतिद्रव्यंच बनेनात म्हणून. माणसाच्या रक्तातल्या ‘बी’ पेशींना ते अक्षर या पिशवीवरून मिळालं आहे. गंबोरो रोगाचा विषाणू नेमकी हीच पिशवी पोखरतो, म्हणून दुसऱ्या आठवड्याच्या आसपास त्याची लस देतात.

त्याआधी, पाचव्या ते सातव्या दिवशी, मानमोडीची. कुमाऊंमधल्या राणीखेत गावावरून ‘राणीखेत’ असंही नाव पडलेला हा रोग परसातली कोंबडी चार दिवसांत साफ करतो, हे गावोगावच्या बायांना सांगावं लागत नाही. लासोटा लसीची कुपी बर्फावरून आणतात, विरघळवली की दोनेक तासांत संपवतात. एका डोळ्यात एक थेंब. पिल्लू लगेच सोडायचं नाही. त्यानं डोळा मिटून उघडला, थेंब आत जिरला, की मगच तळहात खाली टेकवायचा.