घरापेक्षा मोठी गोळी

अमेरिकेच्या यादवी युद्धातली हत्यारं आजही चालवणाऱ्या माणसांवर लेख हवा, असं संपादकांनी कळवलं आणि मी इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या छोट्या गावी गेलो. ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ सालची, तिचं मैदान याच गावात आहे. लिहायचं होतं लांब नळीच्या रायफलींवर. पण पिस्तुलांच्या रांगेत एका वयस्कर नेमबाजापाशी थांबलो आणि तिथेच रमलो. आयुष्यभर लेथवर काम केलेला हा माणूस. त्याच्या हातात कोल्टच्या १८५१ सालच्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली प्रतिकृती होती. सिलिंडरच्या एका घरात त्याने मापाने दारू ओतली आणि घराच्या तोंडावर शिशाची गोळी ठेवली. ती तिथेच अडकून राहिली, कारण ती घरापेक्षा मोठी होती. मग त्याने नळीखालचा दांडा ओढला. गोळी करकरत आत गेली आणि घराच्या काठावर शिशाचं एक बारीक, चकचकीत कडं कातरून उरलं. ते त्याने नखाने उचललं, उजेडात फिरवून पाहिलं, सगळीकडून सलग आहे याची खात्री केली आणि मगच सिलिंडर पुढच्या घरावर आणला.

या विद्येचं सगळं सार त्या कड्यात आहे. साच्यातून निघालेली गोळी अर्धीच तयार असते. तिचा नेमका व्यास ठरतो तो ठासताना, ज्या घरात ती बसणार त्याच घराच्या काठावर कातरली जाताना. कारखान्यातलं शेवटचं काम या यंत्राने चालवणाऱ्याच्या हातावर सोपवलं आहे, आणि ते किती नीट झालं याचा पुरावाही तिथल्या तिथे त्याच्या बोटांत दिला आहे. इतका सरळ हिशेब देणारी यंत्रं मी फार थोडी पाहिली आहेत.

सॅम्युएल कोल्टने अमेरिकेत पेटंट मिळवलं १८३६ साली. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा त्याचा पहिला कारखाना काही वर्षांतच बुडाला. १८४७ साली कॅप्टन सॅम्युएल वॉकरच्या सल्ल्याने त्याने सुमारे दोन किलो वजनाचं दांडगं रिव्हॉल्व्हर बनवलं आणि धंदा सावरला. १८५१ चं नेव्ही त्यामानाने हलकं, सुमारे १.२ किलोचं. हार्टफर्डच्या कारखान्यात ही दोन लाखांवर बनली, लंडनला आणखी चाळीसेक हजार. धातूच्या काडतुसांनी हा काळ संपवला. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा हौशी अमेरिकनांसाठी इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या बंदूकवाल्यांच्या गावात जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती बनू लागल्या. आज मैदानात दिसणारी बहुतेक रिव्हॉल्व्हरं त्याच भागातली.

गोळी मोठीच का हवी, याचं उत्तर कोल्टच्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहिलं की पटतं. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने १८५१ सालीच आपलं रिव्हॉल्व्हर आणलं. पहिल्या नमुन्यांना ठासणीचा दांडाच नव्हता. गोळीच्या बुडाशी लोकरी चकती लावलेली असे आणि ती अंगठ्याने घरात दाबायची. भरायला सोपं, पण अंगठ्याने आत गेलेली गोळी हिसक्यांनी पुढे सरकू शकते. लवकरच ॲडम्सच्या रिव्हॉल्व्हरलाही दांडा आला. कातरून बसलेली गोळी मात्र घराला चहूबाजूंनी घट्ट धरते. शेजारचा बार उडाल्यावर बसणाऱ्या धक्क्याने ती हलत नाही आणि पुढून येणारी ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाऊ देत नाही.

या दोन रिव्हॉल्व्हरांची तुलना आपल्याकडच्या रणभूमीवरही झाली. १८५७ च्या उठावातली एक हकीकत जॉर्ज फॉस्बेरी या इंग्रज अधिकाऱ्याने नंतर सांगितली. नेमबाजीचा अभिमान असलेल्या एका अधिकाऱ्याने तलवार घेऊन चालून येणाऱ्या शिपायावर नेव्ही कोल्ट झाडलं. गोळ्या लागल्या, तरी शिपाई थांबला नाही आणि अधिकारी मारला गेला. नेव्हीची गोल गोळी जेमतेम पाच ग्रॅमची, ॲडम्सची तिच्याहून मोठी आणि जड. लहान गोळी की मोठी, या वादात हा दाखला पुढे बराच काळ दिला जात असे.

आजच्या नेमबाजाला कोणाला पाडायचं नसतं, कागदावर भोकं जवळजवळ पाडायची असतात. त्यामुळे त्याची निवड वेगळी. नेव्हीसाठी तो बहुधा ०.३७५ इंचाची गोल गोळी घेतो, ०.४४ च्या रिव्हॉल्व्हरसाठी ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची. टोकदार गोळी जड असते, लांबवर जोर टिकवते, पण ती सरळ उभी ठेवून ठासणं कठीण. जरा कलली की कलूनच बसते. वॉकर रिव्हॉल्व्हरची घरं फुटत, त्याचं एक कारण काही सैनिक टोकदार गोळी उलटी भरत हे होतं, असं सांगितलं जातं. गोल गोळीला उलटसुलट नाही. तिच्यावर ओतकामाचा एक चपटा डाग असतो तेवढा नेमका वर ठेवायचा.

माझ्या नेमबाजाचा क्रम कधी चुकत नव्हता. दारू, तिच्यावर थोडा रवा, मग गोळी, गोळीवर मेण-चरबीचं वंगण आणि सर्वांत शेवटी मागच्या निपलवर ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी. रवा म्हणजे अमेरिकेत न्याहरीला शिजवतात तोच गव्हाचा रवा. निशाणबाजीला दारू कमी पुरते, मग गोळी खोल बसते. रवा ती जागा भरून गोळीला घराच्या तोंडाजवळ आणतो. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी मात्र मुळीच राहता कामा नये, त्याने घर फुटण्याचा धोका असतो. म्हणून तो प्रत्येक वेळी दांड्याचा दाब हाताला कसा लागतो याकडे लक्ष देत होता.

इथवर सगळं सुरेख. अडचणी सुरू होतात त्या रिव्हॉल्व्हर नवं घेतल्यावर. कित्येक प्रतिकृतींत सिलिंडरची घरं नळीतल्या आट्यांच्या मापापेक्षा काही थाऊंनी, म्हणजे इंचाच्या हजारांश भागांनी, अरुंद असतात. मग मोठी गोळी निवडूनही उपयोग नाही. घर तिला आपल्या मापाला कातरतं आणि नळीत ती सैल पडते, आट्यांची पकड तिला मिळत नाही. यावर उपाय म्हणजे सहाही घरं रीमर हे भोक रुंदावायचं हत्यार फिरवून नळीच्या मापाला आणायची. हे काम या माणसाने स्वतः केलं होतं. ज्याच्याकडे ती कसबी बोटं नाहीत त्याने काय करायचं?

दुसरी अडचण शिशाची. गोळीला शुद्ध, मऊ शिसं लागतं. चाकांच्या जुन्या वजनांसारखं अँटिमनी मिसळलेलं भंगार ओतलं की गोळी कडक होते, सलग कडं निघत नाही आणि जोर लावून लावून दांडा किंवा त्याचा खिळा वाकतो. शिवाय शिसं विषारी. २०२३ पासून युरोपीय संघात पाणथळ जागी शिशाचे छर्रे वापरायला बंदी आहे आणि इतर गोळ्यांवरच्या बंधनांचीही चर्चा झाली आहे. हौशी माणसाने गोळ्या ओताव्यात त्या उघड्या हवेत, आणि हात धुतल्याशिवाय घास तोंडात घालू नये. हे सांगताना माझा नेमबाज फार गंभीर झाला, आणि मला ते योग्यच वाटलं.

तिसरी अडचण सर्वांत भीतीची. एका घराचा बार उडताना शेजारचं घरही पेट घेतं. आग पुढून सैल गोळीच्या कडेने शिरते की मागून सैल टोपीखालून, यावर नेमबाजांत आजही एकमत नाही. तो दोन्ही वाटा बंद करत होता. पुढे सलग कडं आणि वंगण, मागे निपलवर घट्ट बसणारी टोपी. उडालेल्या टोपीचे तुकडे घोड्याखाली पडून यंत्र अडतं ते निराळंच. आणि काळ्या दारूच्या ज्वलनातून निम्म्याहून अधिक भाग काजळीसारखा घन उरतो. तो हवेतला ओलावा शोषतो, त्यामुळे रिव्हॉल्व्हर त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुवावं लागतं.

दारूचीही शाश्वती नाही. अमेरिकेत ती बनवणारा लुइझियानातला मिंडेनचा एकमेव मोठा कारखाना २०२१ साली स्फोटानंतर बंद करण्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीने घेतला म्हणून निभावलं.

एवढं असूनही हा छंद टिकावा असं मला मनापासून वाटतं, कारण हाताची शिस्त शिकवणारी यंत्रं कमी होत चालली आहेत. पण तो टिकायचा तर दोन गोष्टी व्हायला हव्यात. बनवणाऱ्यांनी प्रत्येक रिव्हॉल्व्हरसोबत त्याच्या घरांचं आणि नळीचं मोजलेलं माप छापून द्यावं. आणि संघटनांनी नवख्याला पहिला बार उडवू देण्याआधी सहा घरं ठासायला लावून सहा सलग कडी मागावीत. पाच निघाली तर सिलिंडर रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून.