ब्रेक दाबला अन् पुढचे दिवे लागले

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की चिखलीच्या बाजार समितीकडे येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत एखादी तरी अशी निघते, की तिचे दिवे पाहून माणूस चक्रावून जावा. भर दिवसा, सगळे दिवे बंद असताना ड्रायव्हर ब्रेक दाबतो. ट्रॉलीचा ब्रेक लाइट लख्ख पेटायला हवा. तो पेटत नाही; त्याच बल्बमधली टेल लाइटची बारीक तार तेवढी मंद तांबडी होते. आणि नीट निरखून पाहिलं तर पार पुढे, ट्रॅक्टरच्या नाकाशी, ब्रेकचा जिथे काडीचाही संबंध नाही तिथला पार्किंगचा बल्बही धुगधुगताना दिसतो. पाय काढला की सगळं विझतं. याहून मोठं नवल रात्री घडतं. टेल लाइटचं बटण चालू असताना ब्रेक दाबला की ही ट्रॉली मागून ठार अंधारी होते, आणि मग ब्रेक कितीही दाबा, तिच्या पाठीवर काहीही उमटत नाही.

बल्ब चांगले आहेत. फ्यूज शाबूत आहे. ट्रॅक्टरकडून येणाऱ्या प्रत्येक तारेत करंट आहे. तरीही हे असं होतं, आणि त्यामागचं कारण कळलं की वीज नावाच्या गोष्टीकडे बघण्याची नजरच बदलते.

घरातल्या बल्बला दोन तारा जातात. ट्रॅक्टरच्या बल्बला बहुतेक ठिकाणी एकच जाते. दुसरी तार म्हणजे ट्रॅक्टरचं लोखंड. बॅटरीचं निगेटिव्ह टोक चासीला बांधलेलं असतं, बल्बची पितळी टोपी होल्डरमधून त्याच लोखंडाला टेकते, आणि करंट परत जातो तो पत्र्यातून, नटबोल्टातून, चासीतून. परतीची तार वाचवण्याची ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. १८३८ मध्ये कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल हे जर्मन शास्त्रज्ञ रेल्वेच्या रुळांचाच तारायंत्राची तार म्हणून उपयोग होतो का ते पाहत होते. तो प्रयोग फसला, पण परतीच्या वाटेसाठी तार लागतच नाही, जमीन ते काम करते, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे १८४५ मध्ये गुस्ताव किर्खोफ या जेमतेम एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने विद्युत मंडलांचे नियम मांडले. त्यातला एक असा, की कुठल्याही सांध्याशी जितका करंट येतो तितकाच तिथून बाहेर पडतो. साठवून ठेवायला, मध्येच थांबायला जागा नाही. परतीची वाट नसेल तर करंट निघतच नाही.

आता ट्रॉलीकडे बघा. ती ट्रॅक्टरचा भाग नाही. तिचं लोखंड वेगळं आणि ती उभी असते रबरी टायरवर. तिच्या दिव्यांना परतीचा रस्ता हवा तर वेगळी अर्थिंगची तार ओढायला हवी. पुष्कळ ट्रॉल्यांना ती नसते, किंवा कधीकाळी होती आणि तुटून लोंबते आहे. मग करंट घरी जातो तो हुकाच्या पिनमधून! कित्येक क्विंटल माल ओढणारी ती जाड लोखंडी पिन ट्रॉलीच्या साऱ्या दिव्यांची परतीची तारही असते, हे तिच्याकडे पाहून कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही. पिनवर ग्रीस चढलं, गंज आला, माती बसली की वाट अडते. रिकामी ट्रॉली खड्ड्यात उसळली की पिन आणि हुकाची गाठ क्षणभर सुटते आणि दिवे लुकलुकतात. भरलेली ट्रॉली घट्ट ओढून धरते, म्हणून तीच ट्रॉली माल घेऊन येताना ठीक आणि परतताना बिघडलेली, असंही होतं.

ही वाट पूर्ण बंद पडली की काय होतं ते एका बल्बमध्ये डोकावून पाहू. ट्रॉलीला फक्त टेल आणि ब्रेकचे दोन बल्ब आहेत असं धरा. या प्रत्येक बल्बच्या काचेत दोन तारा असतात, एक २१ वॅटची ब्रेकची, दुसरी ५ वॅटची टेलची. दोघींचं एक टोक वेगळं; दुसरं टोक एकच, ती पितळी टोपी. ब्रेक दाबला. करंट २१ वॅटच्या तारेतून टोपीत आला. टोपीतून ट्रॉलीच्या लोखंडात गेला, पण पुढे रस्ता नाही. तेव्हा मुख्य रस्त्यावर पाणी आलं की गाड्या पांदणीने वळतात तसा तो वळतो आणि ५ वॅटच्या तारेत उलटा शिरतो. तिथून टेलच्या वायरने ट्रॅक्टरकडे, ट्रॅक्टरच्या पार्किंग बल्बमधून पलीकडे, आणि तिथे अखेर चासी सापडते. पुढचा दिवा का धुगधुगला त्याचं हे उत्तर.

आणि ब्रेकची जाड तार, जिच्यातून हा सगळा करंट जातो, ती स्वतः काळी कशी? तिला तापायला पावणेदोन अँपिअर लागतात. ५ वॅटची बारीक तार पुरती पेटली तरी ०.४ अँपिअरच्या आसपास करंट जाऊ देते. म्हणजे ब्रेकच्या तारेच्या वाट्याला गरजेच्या पाव हिश्शाहूनही कमी येतो. तिच्यातून करंट वाहतोय आणि तरी ती थंड आहे. दिवा लागला नाही म्हणजे करंट आला नाही, हा आपला साधा समज इथे मोडतो.

रात्रीचा अंधारही यातच आहे. टेलचं बटण दाबलं की टेलच्या वायरवर १२ व्होल्ट आले. ब्रेक दाबला की ब्रेकच्या वायरवरही १२. दोन्हीकडून सारखाच दाब, मग करंट वाहणार कुठून कुठे? ट्रॉलीचं सगळं लोखंडच १२ व्होल्टवर जाऊन बसतं. त्याला हात लावला तर काही होत नाही, १२ व्होल्टचा झटका बसत नाही. पण बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोजलं तर फाळका, चासी, चाकाचा अ‍ॅक्सल, सगळं बारावर. मला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट ही वाटते: जो दिवसा, दिवे बंद ठेवून, नुसता ब्रेक दाबून तपासतो त्याला मागे थोडी लाली दिसते, आणि बल्ब जुना झाला असेल म्हणून तो निघून जातो. ज्या रात्रीसाठी तो दिवा आहे त्या रात्री तो मुळीच लागणार नसतो.

वाट पूर्ण बंद नसून नुसती अरुंद झाली असेल तर फसगत जास्त होते, कारण दिवे लागतात. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. बाराचे दहा व्होल्ट झाले, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा गेला, की उजेड जवळजवळ निम्मा होतो. गंजाच्या एका पातळ थराला एवढं जमतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. देऊळगाव राजाकडून चिखलीकडे ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी आणि पुढे ताशी २० ने चाललेली ट्रॉली, यांच्यात १५५ मीटर म्हणजे नऊ सेकंदांचा अवधी. ट्रॉलीमागची रेडियमची पट्टी गाडीच्या उजेडात चमकते आणि तीही हवीच. पण ट्रॉलीवाल्याने ब्रेक मारला हे पट्टी सांगू शकत नाही.

करंट आणखीही नवलाच्या वाटा काढतो. पालथ्या होणाऱ्या ट्रॉलीच्या हायड्रॉलिक पाइपात रबराच्या आत पोलादी तारांची वीण असते. तीही दोन लोखंडांना जोडू शकते. इंजिनची अर्थिंगची पट्टी सुटली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि ती केबल पोळण्याइतकी तापते, हे जुन्या मेकॅनिकांनी पाहिलेलं असतं.

दोष शोधायला हुशार इलेक्ट्रिशियन बल्ब काढत बसत नाही. एक लांब वायर घेऊन तो ट्रॉलीची खरवडलेली चासी थेट ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या निगेटिव्हला जोडतो. दिवे लख्ख झाले तर निकाल लागला: “भाऊ, करंट येऊन राह्यला, वापस जाऊन नाही राह्यला.” टेस्ट लॅम्पचा चिमटा ट्रॉलीच्या लोखंडाला लावू नये, कारण ज्याच्यावर संशय तोच साक्षीदार होतो, चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हलाच हवा. मल्टिमीटर असेल तर दिवे चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि ट्रॉलीच्या दिव्याचा पत्रा यांच्यामधलं व्होल्टेज बघावं. शून्याच्या जवळ असलं की ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की वाटेत गंज आहे.

बल्ब बदलतानाही एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी. दोन तारांच्या बल्बच्या टोपीवरचे दोन खुंटे मुद्दाम खाली-वर असतात, बल्ब उलटा बसू नये म्हणून. ढिल्या होल्डरमध्ये जोर लावून तो उलटा बसवला की टेलच्या जागी ब्रेकची तार पेटते. मागचा दिवा सदाच लख्ख, आणि ब्रेक मारल्यावर फारसा फरक नाही. बल्ब नवा, वायरिंग नवं, आणि तरी ट्रॉली ब्रेक मारल्याचं सांगत नाही.

दुरुस्ती मात्र स्वस्त आहे. सात पिनांच्या सॉकेटच्या आयएसओ १७२४ या मानकात तिसरी पिन अर्थिंगसाठी राखलेली आहे आणि तिच्या तारेचा रंग पांढरा. ती पिन वापरावी, तिची तार बाकीच्या तारांपेक्षा जाड घ्यावी, कारण सगळ्या दिव्यांचा करंट तिच्या एकटीतून परततो. इतर तारांच्या रंगांवर मात्र विश्वास नको. गावोगावी हाती आली ती वायर जोडलेली असते, म्हणून प्रत्येक तार टेस्ट लॅम्पने ओळखूनच जोडावी. ट्रॉलीच्या चासीवरचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, वरून ग्रीस लावावं. टेल, ब्रेक आणि इंडिकेटर मग एकाच वेळी चालू करून मागे जाऊन बघावं, कारण कमजोर अर्थिंग एका बल्बचं ओझं पेलतं आणि तिघांच्या ओझ्याखाली बसतं.